शपथेचा फोटो

आमच्या सिल्वासातल्या शाळेत व्यसनमुक्ती म्हणजे खेळाचे सर. गळ्यात शिट्टी, हातात स्वतःचा माईक आणि दर वाक्याला "बराबर?". मूळचे जळगावकडचे, पण इथे इतकी वर्षं काढलीत की मराठीत सुरू केलेलं वाक्य गुजरातीला शिवून हिंदीत संपवतात. माणूस वाईट नाही. मुलं उन्हात उभी असली तर भाषण आवरतं घेतात. पण शपथेचा फोटो म्हटला की त्यांच्या अंगात येतं.

परवाही तेच. उंचीप्रमाणे रांगा, मागे बॅनर, सगळ्यांचे उजवे हात पुढे. "नशा नहीं करेंगे!" फक्त आठवीतल्या एका मुलीचा हात पुढे नव्हता, वर होता.

"ए बेटा, हात सीधा! फोटो बिघडतो ना!"

तिने हात काही खाली घेतला नाही. सरांनी वैतागून फोटो काढला, शिट्टी मारली आणि मुलं वर्गात पळाली.

मी तिला थांबवलं. "मॅडम, दादा कंपनीतून येतो न नशेच्या गोळ्या खातो. त्याला सोडवायचं कसं, ते विचारायचं होतं."

मी तिला घेऊन तडक सरांकडे गेले. म्हटलं, "सर, एवढ्या शपथा झाल्या, पण खरा प्रश्न हा पहिलाच आलाय. नीट ऐका." मोबाइलमधून डोकं वर न काढता त्यांनी तिचं ऐकलं. "हां हां, बराबर," म्हणाले आणि खुशीत स्क्रीन माझ्यापुढे धरली.

"टेन्शन नका घेऊ, मॅडम. हिचा हात फोटोतून कापून टाकलाय. आता एकदम मस्त!"