सहा मीटरची चोरी

योगिताबाईंचा राग आधी जिन्यावर ऐकू यायचा आणि मग वर्गात शिरायचा. लिंबायतच्या, यंत्रमागांच्या वस्तीतल्या त्या मराठी शाळेत सातवीचं गणित त्यांच्याकडे. आवाज असा, की विंगेत उभं राहून बोलल्या तरी शेवटच्या रांगेतल्या माणसानं दचकून उठावं. पण क्षेत्रफळ शिकवावं तर त्यांनीच. बाकं भिंतीला लावायची, फरशीवर खडूनं भला मोठा आयत आखायचा आणि एका पोराला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चालायला लावायचं. त्याच्या पावलांमागून रेघ ओढत जायचं. झाले दोन त्रिकोण, दोन्ही सारखे. मग विचारायचं, "आता सांगा, त्रिकोणाला निम्मं का करतात?" असं शिकवणाऱ्या बाईचा राग पोरं मुकाट सोसत.

त्या चाचणीत बाईंनी मुद्दाम एक सोपं उदाहरण घातलं. कापडाचा तुकडा, लांबी सहा मीटर, रुंदी दोन मीटर, क्षेत्रफळ किती? वर्गात लूम चालवणाऱ्यांची पोरं बरीच. कापड म्हटलं की त्यांना घरचंच वाटेल, असा त्यांचा अंदाज.

पेपर तपासताना बाईंचं डोकं फिरलं. बाकी वर्गानं बारा चौरस मीटर लिहिलं होतं, पण खिडकीकडच्या रांगेत एकूणएक पोरांचं उत्तर सहा मीटर. ही रांग एकाच गल्लीतल्या, लूमवाल्यांच्या पोरांची. मधोमध प्रिया बसलेली, वर्गात सर्वांत हुशार. अंगणाचं, त्रिकोणी शेताचं क्षेत्रफळ तिनं अचूक काढलेलं, आणि इथं सहा मीटर. हिनं घाईत चूक केली आणि साऱ्या रांगेनं ती उतरवली, बाईंना शंकाच उरली नाही. भर वर्गात त्यांनी प्रियाला उभं केलं. "उत्तरं वाटतेस होय? चोर आहेस तू, आणि चोरांची नाईक." तेवढ्यावर न थांबता शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायच्या मुलांतून तिचं नाव काढायला त्यांनी हेडमास्तर अविनाश सरांना सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्रियाचे वडील पंडित पाळी संपवून तसेच शाळेत आले. केसांत कापसाचे तंतू, डोळे लाल. मुलगी मागे उभी. यंत्रांच्या खडखडाटात जन्म गेलेला माणूस, त्याला हळू बोलायची सवयच नव्हती. पण त्या दिवशी तो हळू बोलला.

"मनी पोर चोर नही शे, बाई."

बाई उसळल्या. मग सगळ्यांचं उत्तर एकच कसं आलं, ते तिलाच विचारा म्हणाल्या. प्रिया आदल्या दिवसापासून दातांवर दात दाबून होती. ती आता सुटली.

"कापड मीटरवरच मोजतात ना, बाई? पन्हा तर ठरलेलाच असतो. आमच्या गल्लीत पाळी सुटली की सगळे विचारतात, आज किती मीटर काढलं? पन्हा कोण विचारतं?"

"मी रुंदी दोन मीटर दिली होती की."

"मला वाटलं, फसवायला दिली. तुम्ही देताच कधीकधी."

बाईंचा राग तर होता, अंगभर होता, पण तो ठेवायला आता जागा सापडेना. चूक खरी होती, चोरी मात्र नव्हती. ज्या घरांत रोज कापड विणलं जातं, त्याच घरांतल्या पोरांनी ही चूक करावी, हे आपल्याला मेलं आधीच सुचायला नको होतं का? त्यांनी पंडितची माफी मागितली.

त्यानं मान हलवली. "माले नको सांगा. जठे बोलनात, तठेच परत बोला."

बाई तडक अविनाश सरांकडे गेल्या. नाव परत घालायला सर तयार होते, पण वर्गासमोर चूक कबूल करणं त्यांना पसंत पडेना. म्हणाले, पोरं डोक्यावर बसतील, मॅडम, मिटलंय ना, मिटू द्या. इथं बाईंच्या रागाला जागा सापडली.

"चोर म्हणताना वर्ग चालला, सर. मग खोटं होतं म्हणायला बंद खोली कशाला?"

ते वाक्य व्हरांड्यात पाणी पिणाऱ्या पोरांनीसुद्धा ऐकलं.

वर्गात जाऊन बाई खुर्चीवर न बसता पोरांसमोर उभ्या राहिल्या. प्रिया चोर नाही, तिच्या रांगेतलं कुणीच चोर नाही, मी न विचारता बोलले, एवढं सांगितलं. मग टेबलावरची चादर आणि एका मुलीची ओढणी घेतली, दोन्हींची लांबी सारखी धरली आणि फरशीवर शेजारी पसरली. मीटर तेवढेच, पण जमीन कुणी जास्त झाकली? पोरं वाकून बघत राहिली. तुकडा लांब किती ते मीटर सांगतो, जागा किती व्यापली ते चौरस मीटर सांगतो, म्हणून पन्हा गुणायचाच.

मग त्या म्हणाल्या, तुझे मार्क देऊन टाकते, प्रिया.

"मार्क नकोत," प्रिया म्हणाली. तिचा राग अजून तसाच होता. "नवा पेपर द्या. मला एकटीला नाही, आमच्या सगळ्या रांगेला."

बाईंच्या कपाळाची शीर ताठ झाली. मग त्यांनी फळ्यावर नवी उदाहरणं लिहिली, एक कापडाचं, एक कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापलेल्या रुमालाचं. पोरं सवयीनं एकमेकांपासून दूर सरकायला लागली.

"जागा सोडू नका," बाई म्हणाल्या. "शेजारी शेजारीच बसा."

आणि पोरांकडे पाठ करून त्या खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहिल्या, शेवटचा पेपर टेबलावर येईपर्यंत.