आधी हवा बघा, वहिनी

चि. रेवा आणि चि. ओजस,

मागच्या रविवारी फोनवर ओजस म्हणाला, "आजी, आजकालच्या मुलांना काम कसं करायचं तेच कळत नाही." मी विचारलं, केवढी आहेत ही मुलं? तर म्हणे, बावीस-तेवीसची. ओजस, तू स्वतः एकतीसचा आहेस. तुझं तेविसावं वर्ष मला चांगलं आठवतं, पण तो विषय नाही. विषय असा, की तुझ्या हाताखाली आलेल्या नव्या मुलींपैकी एक फार चुका करते, विचारलं की गप्प बसते, आणि तिला कामावरून कमी करायचं पत्र तू लिहून ठेवलं आहेस. ते पाठवण्याआधी हे वाच. रेवानेही वाचावं, तिचीही पाळी येईलच. असंच एक पत्र मी एकदा टाइप केलं होतं. ते का गेलं नाही हे सांगायचं तर तुमच्या आजोबांच्या मावसभावाबद्दल सांगावं लागेल. मी त्यांना भावजी म्हणत असे.

भावजींइतका मोठ्याने बोलणारा आणि इतकं कमी ऐकणारा माणूस इंदुरात दुसरा झाला नाही. कापडाच्या मिलमध्ये, मागांच्या खात्यात, त्यांची सगळी उमर गेली. शेकडो माग एकदम चालू असले की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही, तेव्हा तिथे एक तर ओरडायचं नाही तर हातांनी बोलायचं. भावजी दोन्ही करत, आणि घरीही दोन्ही करत. छत्रीबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन ते "वहिनी, चाय" म्हणाले की आमच्यासकट चार घरांत आधण चढायचं. एकदा एका मुलीच्या ठरत असलेल्या लग्नाबद्दल त्यांनी मला कानात काहीतरी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत मुलाकडचे लोक नदीपलीकडून विचारायला आले. हातांची भाषा त्यापेक्षा बरी. दोन बोटं एकमेकांवर पिळली की धागा तुटला, लवकर या. मूठ दोनदा उघडमीट केली की चहा. कानाची पाळी धरली की साहेब येतोय. लग्नाच्या पंगतीत ते लांबून वाढप्याला अशा खुणा करत, आणि त्या बिचाऱ्याला काही न कळल्यामुळे त्यांना सगळंच दोनदा मिळत असे.

मिल बंद पडली तेव्हा आम्ही दोघं एकाच दिवशी घरी बसलो, कारण मी त्याच मिलच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार बघत होते. मी घरातली सगळी कपाटं लावून टाकली. भावजींना लावायला कपाटं नव्हती. भोंगा वाजायचा थांबला तरी ते त्याच वेळेला अंघोळ करून, डबा घेऊन दारात उभे राहत आणि म्हणत, "अभी बजा होता." डबा ओट्यावर बसूनच खात. गल्लीतली मुलं त्यांना बघून शाळेला निघत, इतके ते वेळेचे पक्के. असं बरेच दिवस चाललं. तेव्हा शहरात कंप्यूटरचं वारं नवं होतं. मल्हारगंजातल्या एका सेठजींनी मिरचीच्या दुकानावरच्या मजल्यावर एक हॉल घेतला, त्यात कंप्यूटर मांडले आणि परदेशातल्या कुठल्या कुठल्या जुन्या याद्या टाइप करून द्यायचं काम आणलं. कॉलेजातून नुकतीच निघालेली वीस-बावीस मुलंमुली कामाला ठेवली. चुका तपासायला इंग्रजी येणारं माणूस हवं होतं, ती मी. मुलांवर लक्ष ठेवायला कोणी अनुभवी हवा होता, म्हणून मी भावजींना घेऊन गेले.

सेठजींनी विचारलं, "कंप्यूटर आता है?"

"नहीं आता," भावजी खालच्या मिरचीवाल्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले. "छोरा-छोरी आता है."

सेठजी व्यापारी माणूस. त्यांना उत्तर आवडलं. त्यांनी भावजींना ठेवलं, फक्त दोन अटी घातल्या: हॉलमध्ये चपला नाहीत आणि बोलणं नाही. त्या काळी कंप्यूटर म्हणजे देव्हारा. त्याला धूळ चालत नाही, गरमी चालत नाही, आवाज चालत नाही, असं सेठजींना कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून एसी सकाळपासून चालू, आणि पाहुण्यांना मशीन दाखवायला आणलं की दुपारी आणखी जोरात.

आता बोलायला बंदी असलेल्या जागेत भावजींना बसवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. आठवड्याभरात त्यांनी सगळ्या हॉलला हातांनी बोलायला शिकवलं. मी मान खाली घालून पानं तपासत असे आणि माझ्यासमोर बावीस जोड्या हात मजेत गप्पा मारत. सेठजी जिन्यात दिसले की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत कानाच्या पाळ्या धरल्या जात, आणि सेठजी आत येऊन म्हणत, "देखा, कितनी शांति है." हीच मुलं साठीकडे झुकलेल्या भावजींना "भिया", म्हणजे भाऊ, म्हणत. मी एकदा सुचवलं की निदान "काका" म्हणा, तर भावजीच रागावले. "वहिनी, काका म्हटलं की मुलं खोटं बोलतात. भिया को सच बताते हैं."

बाकीच्या त्यांच्या तऱ्हा तर विचारू नका. सकाळी प्रत्येक कंप्यूटरला ते पाया पडल्यासारखा हात लावत, आणि स्क्रीन अडकली की मागाला मारावी तशी बाजूने एक थाप मारत. सांगायला संकोच वाटतो, पण तीनातली दोन मशीनं चालू होत. नवीन मुलगा आला की त्याचं सर्टिफिकेट न बघता त्याची बोटं बघत, मग विचारत, "पोहे खाके आया के वैसेच?" वैसेच आला असेल तर त्याला आधी खाली पाठवत, आणि तोवर त्याच्या खुर्चीत स्वतः बसून नुसती बटणं दाबत, म्हणजे सेठजींना जागा रिकामी दिसू नये. त्यांनी अशी दाबलेली तीन पानं एकदा परदेशात जाता जाता मी पकडली. मी शिस्तीची बाई, मला हा सगळा पोरखेळ वाटे. मी त्यांना तसं म्हणालेही. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही पानं बघा, मी पोरं बघतो."

माझं पानं बघणं असं: एक जाड रजिस्टर, प्रत्येकाच्या नावाचा रकाना, चुका लाल शाईत. सलग दोन महिने ज्याचं नाव सगळ्यांत खाली, त्याला कमी करायचं, असा सेठजींचा नियम. नियम मीच त्यांना इंग्रजीत लिहून दिला होता, आणि भाषा चांगली झाली होती. दुसरा महिना संपायला आला तेव्हा प्रज्ञाचा रकाना लालेलाल होता. प्रज्ञा महूहून येत असे. आजोबा फौजेतले, घरात कडक शिस्त, मुलगी हुशार, सकाळची तिची पानं काचेसारखी स्वच्छ. जेवणानंतर मात्र एका ओळीत चार-चार चुका. मी तिला बोलावून विचारलं, "काही त्रास आहे का?" ती म्हणाली, "नाही मॅडम, सब ठीक आहे." "मग दुपारी काय होतं?" त्यावर ती माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. माझं मत झालं की मुलगी दुपारी पेंगते. मी पत्र टाइप केलं आणि सोमवारी सहीला न्यायच्या कागदांत ठेवलं.

भावजींनी ते पाहिलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण असा कागद कुठल्याही भाषेत ओळखू येतो. मिलच्या गेटवर एक चिकटवलेला त्यांनी पाहिलाच होता.

"वहिनी," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणाले, "धागा तुटतो तेव्हा सुताला कोण शिव्या देतं? नवा असेल तो देतो. जुना माणूस आधी हवा बघतो."

हे मलाही ठाऊक होतं. मिलमध्ये छतातल्या नळ्यांतून दिवसभर पाण्याचा बारीक फवारा सुटे, कारण हवा कोरडी झाली की सूत कडक होतं आणि पटापट तुटतं. पण ही सुताची गोष्ट होती. मी म्हटलं, "भावजी, मुलगी म्हणजे सूत नव्हे." त्यांनी हो म्हणून मान हलवली, म्हणजे त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं.

सोमवारी मी ऑफिसात पोचले तर मुलं जिन्यातच उभी. आत भावजी धोतर वर खोचून, झाडांना पाणी घालायची झारी घेऊन, देवळात सडा घालावा तसे कंप्यूटरच्या हॉलमध्ये पाणी शिंपडत होते. खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधले होते आणि तेही ठिबकत होते. एसीने हवा सुकली आहे, सुकलेल्या हवेत बोटं कडक होतात, हे त्यांचं निदान. मला बघून ते खूश झाले आणि ओरडले, "अब देखना, एक धागा नहीं टूटेगा." तेवढ्यात कोपऱ्यात फट् झालं आणि सगळा हॉल अंधारला. खालून मिरचीवाला विचारायला आला की वरून लाल पाणी येतं आहे ते काय आहे. पाणी आमचं, रंग त्याच्याच मिरचीचा.

सेठजी आले. ते काय बोलले ते मी लिहीत नाही, तुम्हाला तेवढं हिंदी येतं. भावजींना त्यातलं अर्धंच ऐकू आलं, म्हणून ते अर्धेच वाईट वाटून उभे होते. त्यांना त्या दिवशीच काढलं असतं, पण बिजलीवाल्याने दुपारपर्यंत मशीनं सुरू करून दिली आणि गिऱ्हाइकाचं काम तुंबलेलं होतं. एसीची लाइन मात्र त्याने सुकेपर्यंत बंद ठेवली. खिडक्या उघड्या टाकल्या आणि सगळे घाम पुसत कामाला बसले. या गोंधळात सह्या राहिल्या.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे पानं तपासली. प्रज्ञाचं पान तपासलं. मग चष्मा पुसून पुन्हा तपासलं. जेवणानंतरच्या सबंध कामात एकही चूक नव्हती. मी रजिस्टर मागे चाळलं. एसी दुरुस्तीला बंद होता तो एक दिवस तिच्या रकान्यात कोरा, आणि सेठजींचे पाहुणे आलेले दिवस सगळ्यांत लाल. दोन महिने मी हे स्वतःच्या हाताने लिहीत होते आणि मला दिसलं नव्हतं. मी मान वर करून तिची खुर्ची बघितली. ती बरोब्बर एसीच्या तोंडाखाली होती.

दुसऱ्या दिवशी, एसी पुन्हा सुरू झाल्यावर, मी तिला सरळ विचारलं. ती घाईने म्हणाली, "नाही मॅडम, एसी तो बहुत अच्छा आहे." भावजींनी मला बाजूला केलं. ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले, तिने बघेपर्यंत थांबले, आणि त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून बोटं आखडून दाखवली. प्रज्ञाने इकडेतिकडे पाहिलं. मग दोन बोटं एकमेकांवर पिळून दाखवली. धागा तुटला.

पुढचं तिने जिन्यात सांगितलं. तिचे वडील सगळ्या मोहल्ल्यात सांगत असत की आमच्या घरातली पहिली नोकरी, जी एसीत बसून करायची आहे. दुपारी बोटं बधिर होतात हे ती घरी सांगू शकत नव्हती, आणि इथे सांगितलं तर लोक म्हणतील की हिला एसी सोसत नाही. त्यापेक्षा चुका बऱ्या. मी म्हटलं, मी सेठजींशी बोलते, खुर्ची बदलून घेऊ. तिने नको म्हणून हात जोडले. कारण सगळ्यांना कळलं असतं.

तेव्हा भावजी हॉलमध्ये गेले आणि सबंध मल्हारगंजाला ऐकू जाईल असे म्हणाले, "अरे भिया, मेरे को बहुत गरमी होती है. ये एसी वाली सीट मेरे को दो. बुड्ढे का लिहाज करो." सेठजींनीही कपाळाला हात लावून होकार दिला. प्रज्ञा खिडकीशी गेली. भावजी एसीखाली बसले ते बसलेच. वैशाखात, बाहेर डांबर वितळत असताना, हा माणूस माकडटोपी, मफलर आणि गुडघ्यांवर घोंगडी अशा थाटात, दात वाजवत, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "बहुत गरमी है." मुलं हसत. प्रज्ञाही हसे, आणि त्यांच्यासाठी वरचेवर मूठ उघडमीट करून चहा मागवे. पुढच्या महिनाअखेरीला तिचं नाव यादीत वरून सहावं होतं. माझं पत्र मी फाडलं. दोन प्रती होत्या, दोन्ही फाडल्या.

भावजी त्या खुर्चीत तीन उन्हाळे बसले. मग ते ऑफिस बंद झालं, सेठजींनी दुसरा धंदा धरला, मुलं पांगली. भावजी शेवटी बिछान्यावर होते तेव्हा त्यांना काहीच ऐकू येत नसे. मी जाऊन बसले की मूठ दोनदा उघडून मिटत, आणि मी चहा करत असे. आता ते नाहीत. मिलच्या जागेवर काय काय उभं राहिलं आहे ते तुम्ही आलात की दाखवीन, मला स्वतःला तिथून जायला आवडत नाही.

प्रज्ञाचं आता स्वतःचं ऑफिस आहे, सिमरोलच्या रस्त्यावर. तीसेक मुलं आहेत हाताखाली. दिवाळीत मला न्यायला गाडी पाठवते. मागच्या उन्हाळ्यातही मी गेले, तर बाहेर चाळीस डिग्री आणि ही आत अंगभर शाल लपेटून बसलेली. केबिन घेतलेली नाही. एसीच्या बरोबर खाली जी खुर्ची येते, तिथे आजही ती स्वतः बसते.