दाजींच्या पोटातली जळजळ

आमच्या दाजींइतकं स्वतःच्या पोटाविषयी बोलणारा माणूस दौंड जंक्शनवर दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, मालगाडीवर गार्ड. पाहुण्यानं चपला काढेपर्यंत यांची जळजळ छातीपर्यंत आलेली असे. खिशात शिट्टीशेजारी आम्लपित्ताच्या गोळ्या, ड्यूटीच्या पेटीत थंड दुधाची बाटली. आणि दोष सगळा आक्काच्या हाताला. तिचं माहेर, म्हणजे आमचं घर, निमोण्याचं, तिथलं जेवण झणझणीत. "हिच्या कालवणानं माझं आतडं भाजलं," हे ते तिच्यादेखत, तिनंच वाढलेल्या ताटावर बसून सांगत. शिरूरला माझ्या लग्नात त्यांनी ते आचाऱ्यालाही सांगितलं. आक्कानं मिरची केव्हाच सोडली होती. तिची मुलं फिक्या वरणावर मोठी झाली. तरी जळजळ थांबेना, तेव्हा दाजी म्हणाले, जुनं तिखट पातेल्यांत मुरलंय. तिनं पातेली बदलली.

नव्वदचं दशक संपत आलं असताना त्यांना रक्ताची उलटी झाली. पुण्याला नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पोटाच्या अस्तराचा कण काढला आणि पिवळ्या औषधात टाकला. ते गुलाबी झालं. पोटात जंतू आहे, ते म्हणाले. तो एक एन्झाइम सोडतो, त्यानं युरियाचा अमोनिया होतो, आणि त्या आडोशानं जंतू आम्लातही जगतो, अस्तर पोखरतो. दाजींनी हळूच विचारलं, "मंग हिचं तिखट?"

"तिखटानं अल्सर होत नाही. आम्हीही पूर्वी तसंच समजायचो."

आक्का शेजारीच बसली होती. तिनं नुसता पदर सारखा केला.

गोळ्यांनी पोट बरं झालं, पण दाजींची मान खाली गेली ती गेलीच. जिथं जिथं आक्काच्या स्वयंपाकाची तक्रार केली होती, त्या प्रत्येक घरी जाऊन ते एन्झाइम समजावू लागले. रेल्वे कॉलनी झाली, निमोणे झालं. एका दुपारी एसटीनं शिरूरला माझ्याकडे आले. पाणीही न घेता म्हणाले, "तुमच्या बहिणीला मी लई बोललो. तिचा काय बी दोष नव्हता."

हे तिलाच सांगा की, मी म्हणालो.

"तिच्यापुढं तोंडच उघडत न्हाई."

पुढं एकदा मी दौंडला गेलो होतो. ताटाकडे बघत दाजी पुटपुटले, "उद्या जरा झणझणीत कर की." आक्कानं दुसऱ्या दिवशी हौसेनं कालवण केलं. मी चाखलं, फिकंच होतं. तिनंही चाखलं आणि ओशाळून मला म्हणाली, "आता अंदाजच राहिला न्हाई रे."

दाजींनी ते ऐकलं. मान वर न करता त्यांनी भाकरी कुस्करली, त्यावर कालवण ओतून घेतलं, आणि ताटात काही न ठेवता पुन्हा वाटी पुढं केली.