सांगवीचा पाऊण तास

स्वारगेटहून बारामतीची एसटी पकडली तेव्हा मी भांडायच्या तयारीत होते. मी पुण्यात आहारतज्ज्ञ. हल्ली येणारा प्रत्येक पेशंट मलाच शिकवतो: दिवसातून दोनदाच जेवायचं, मधे काही नाही, आणि पाऊण तास चालायचं. मोबाईलवरून गावोगाव पोचलेल्या या उपायावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आणि आता सांगवीच्या माझ्या मामांनी, तात्यांनी, तोच धरला होता. वाढलेल्या साखरेमुळे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलेलं. शुक्रवारी पुन्हा तपासणी होती. याही वेळी साखर उतरली नाही तर तात्या आणखी किती दिवस चाचपडत राहणार, या काळजीने माझा जीव खालीवर होत होता.

बारामतीहून सांगवीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तात्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मामींनी बाजरीची भाकरी, मेथी आणि मटकीची उसळ वाढली. गोळ्या चालू आहेत ना, डॉक्टरांना विचारलंय ना, सगळी उलटतपासणी मी केली. चूक सापडेना, म्हणून चहावर घसरले. गावात घरोघरी चहाचा आग्रह, आणि नाही म्हटलं की माणसं रुसतात. तात्यांनी चपला चढवल्या.

शेजारचे गणपतराव अंगणातच उभे होते. ते तात्यांना वेशीपर्यंत पोचवायला निघाले. वेशीवर पोचल्यावर तात्या त्यांना घरी पोचवायला वळले. घरापाशी येताच गणपतराव पुन्हा निघाले. पाहुण्याला पोचवायची रीत या दोघांनी पार कामाला लावली होती.

"चहा न्हाय म्हटलं की माणूस तुटतं," तात्या म्हणाले. "म्हटलं, चहा ऱ्हाऊ द्या, पोचवायला चला. आता निम्मं गाव एकमेकाला पोचवतंय."

तिसऱ्या फेरीला पाणंदीत (शेतांमधल्या कच्च्या वाटेत) माझ्या सँडलचा पट्टा तुटला. सत्तरीचे दोघे गप्पा मारत पुढे गेले आणि आहारतज्ज्ञ बाई अनवाणी, धापा टाकत मागे.

दुसऱ्या दिवशी इंदापूर तालुक्यात लोणी देवकरला गेले. तात्यांचा मुलगा सुनील तिथे कारखान्यात आहे आणि खोली घेऊन एकटाच राहतो. त्यानेही हाच उपाय धरला होता, पण वजन हललं नव्हतं. पाळी बदलली की जेवणाच्या वेळा बदलतात, हे कारण मला पटलं. तो मात्र वेगळंच म्हणाला.

"ताई, एकट्याला न्हाय होत."

शुक्रवारी बारामतीच्या दवाखान्यात रिपोर्ट हातात आला. साखर उतरली होती! डॉक्टरांनी ऑपरेशनला सोमवारची तारीख दिली. आणि मी, भांडायला आलेली, सगळ्यांदेखत रडले.

मग सुट्टी वाढवून राहिले. सोमवारी ऑपरेशन झालं, मंगळवारी डोळ्यावरची पट्टी निघायची होती. दवाखान्याच्या बाकावर थांबले असताना माझं मत ठरलं: दोन जेवणांबद्दल मी अजूनही वाद घालीन, ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारायलाच लावीन. पण तात्यांना तारलं ते सोबतीने. आमच्या छापील तक्त्यांत सोबतीला रकाना नाही, हे मला कबूल करावं लागलं.

पट्टी निघाली. तात्यांनी डोळे मिचकावले आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"क्येस पांढरं झालं की गं तुझं."

"दिसतायत का?"

"समदं दिसतंय."

परतीच्या एसटीत खिडकीच्या काचेत मी ते पांढरे केस दहा वेळा पाहिले, आणि दर वेळी मला हसू आलं.