सूर्यास्ताआधीचं जेवण

आमच्या जैनांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी तोंडात घास घालत नाही. सासऱ्यांचा तर हा लहानपणापासूनचा नेम. पण त्यांना कंपवात झाला आणि त्यांचं जेवण ही माझी रोजची शर्यत होऊन बसली. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धी आमटी धोतरावर. भरवून मात्र घ्यायचे नाहीत. थंडीत दिवस लहान, म्हणून शाळा सुटली की शिकवून दमलेली मी चप्पल काढते न काढते तोच गॅसपाशी. तरी ताट अर्धं असतानाच सूर्य जायचा आणि ते हात धुवायचे. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

कंप थांबवायला कवटीला भोक पाडून मेंदूत तारा घालायच्या, त्या मानेतून छातीतल्या बॅटरीला जोडायच्या, हे ऑपरेशन त्यांच्या हृदयाला झेपणार नाही, असं सांगलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग आमचे चेहरे बघून म्हणाले, "आता बिनतारी, अगदी छोटी यंत्रंही निघतायत. फारशी चिरफाड नाही, बाहेरूनच वीज पोचते. पण अजून चाचण्या चालू आहेत."

सासऱ्यांनी 'पण'च्या पुढचं ऐकलंच नाही.

"आली का गं ती मशीन?" ताटावर बसलं की रोज हेच.

"न्हाई आली, मामंजी. जेवा आधी."

"चौकशी तरी कर की. लय बारीक हाय म्हणं."

मी मोबाईलवर बघितल्यासारखं करायची. आशेवर माणूस जगतो म्हणतात. त्या माणसाला रोज वाढणाऱ्या बाईबद्दल कुणी काही म्हणत नाही. खरंच वैताग यायचा. एकदा भरवू दिलं तर झटक्यात उरकेल, एवढंच मनात यायचं.

पौषातल्या एका संध्याकाळी उन्हं उसाच्या शेंड्यांवर गेली तरी भाकरी तशीच होती. त्यांनी चमचा खाली ठेवला. आजही उपाशी उठणार, म्हणून मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो त्यांनी बाजूला सारला.

"भरव," म्हणाले.

"मशीन येईस्तोवरच हां," मी उगीच हसले.

"ती येईल गं. माज्यासाठी न्हाई येत."

मी भाकरी आमटीत कुस्करली. त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं. मला हेच तर हवं होतं, आणि मला रडू आवरेना. जेवण झालं, तोंड पुसलं, तरी उसाच्या शेंड्यांवर ऊन होतं. कितीतरी महिन्यांनी वेळ उरला होता, आणि त्याचं काय करायचं ते आम्हां दोघांनाही कळेना.