साक्षीनंतरचे शनिवार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला जिवलग म्हणावा असा एकच दोस्त होता. ताडमाड उंचीमुळे सगळे त्याला उंच्या म्हणत. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली तयार झाले, एकाच रविवारी चर्चच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला आणि बावीस वर्षं जोडीनं कामं केली. उंच्या वर यंत्राच्या खोलीत, मिस्त्री खाली लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात.

"वरचा मी, म्हणजे देवाजवळ मी," उंच्या चिडवायचा.

"आणि तेलाचे थेंब माझ्या टाळक्यावर!"

एका सहा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराचं कुलूप नीट लागत नव्हतं. लिफ्ट तिथं नसली तरी दार उघडायचं. मिस्त्रीनं उंच्याला बजावलं होतं, "हे बदलल्याशिवाय सही करू नकोस." पण मिस्त्री तापानं अंथरुणाला खिळला, उंच्याला घाई होती, आणि त्यानं तपासणीच्या कागदावर सही ठोकून दिली. नवव्या दिवशी एका शिक्षिकेनं ते दार उघडलं आणि वह्यांची पिशवी घेऊन आत पाऊल टाकलं. ती वाचली नाही.

त्याच संध्याकाळी उंच्या आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तू मला सांगितलं होतंस, हे कुणालाच ठाऊक नाही. विचारलं तर म्हण, कुलूप ठीक होतं. एवढं एकच कर माझ्यासाठी."

"काहीही माग रे. पण ती कुणाची तरी आई होती."

कोर्टात मिस्त्रीनं देवाची शपथ घेतली आणि खरं ते सांगितलं. उंच्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. रविवारी मंडळीतल्या चौघांनी मिस्त्रीची पाठ थोपटली. त्याला ती थाप चटका बसल्यासारखी लागली. त्या चौघांतला एकही पुढं तुरुंगाकडे फिरकला नाही.

मिस्त्री मात्र दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जायचा. भेटीच्या खिडकीतून एकच उत्तर यायचं, "कैदी भेटायला नाही म्हणतोय." तरीही तो भेटीचा पूर्ण तास बाकावर बसून राहायचा.

"घरी जा हो काका," पहारेकरी म्हणायचा.

"वेळ संपू दे. मधेच त्याचं मन बदललं तर?"

बायको वैतागायची. "तो तुमचं तोंड बघत नाही आणि तुम्ही हेलपाटे घालताय!"

"तो रुसला म्हणून मी त्याचा मित्र नाही का राहिलो? प्रभूनं मला असं कितीदा सोडायला हवं होतं, सांग बघू."

तरी जेवणाआधीच्या प्रार्थनेत उंच्याचं नाव यायचं तेव्हा तीही आमेन म्हणायची.

उंच्याच्या बायकोनं तर मिस्त्रीला दारातूनच परत पाठवलं होतं. "तुमच्या खरेपणानं माझं घर बसलं, भाऊजी."

चौथ्या वर्षी उंच्याचं यकृत निकामी झालं आणि त्याला इस्पितळात हलवलं. या खेपेला नकार आला नाही. एवढा उंच माणूस, पण इतका वाळला होता की खाटेवर दोन्ही बाजूंना जागा उरली होती.

"दर महिन्याला खाली बाकावर बसायचास म्हणे," उंच्या म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"पहारेकऱ्यानं. मीच विचारायचो त्याला. तू आलास, एवढं ऐकायचं असायचं. तुला बघायचं नसायचं."

मिस्त्रीनं त्याचे ओठ ओल्या कापसानं पुसले. थोड्या वेळानं धीर करून विचारलं, "मला माफ केलंस का रे?"

उंच्यानं छताकडे पाहिलं. "त्या बाईची मुलगी केवढी होती?"

"अकरा वर्षांची."

"हं." त्यानं डोळे मिटले. "पुढच्या शनिवारी ये. तेव्हा सांगतो."

गुरुवारी सकाळी तो गेला.

दफनाला जेमतेम दहाबारा माणसं होती. मिस्त्री फाटकाजवळच थांबला, पुढं जायचा त्याला धीर होईना. शवपेटी उचलायला सहा जण हवे होते, उभे राहिले पाच. पाळकांनी इकडंतिकडं पाहिलं. उंच्याच्या बायकोनं रडून सुजलेले डोळे वर केले आणि फाटकाकडे बघितलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्याशिवाय त्याला उचलता येत नाहीये."

मिस्त्री पुढं झाला. पेटी फारच हलकी लागली, आणि इतकी वर्षं आवरलेलं त्याचं रडं तिथंच फुटलं.