एकाच नकाशाची घरं

सूर्यापुढे सगळे समान असतात. बोईसरला आमच्या संकुलाच्या उद्‌घाटनात पाहुण्यांनी हे वाक्य टाळ्या घेऊन म्हटलं. इथल्या एकसारख्या, वीज वाचवणाऱ्या घरांत पंख्याचीही गरज भासणार नाही, असंही सांगितलं. बोलून झाल्यावर ते दोन कूलरांच्या मधल्या खुर्चीत जाऊन बसले.

नकाशा एकच होता, हे खरं. त्यात पश्चिमेच्या खिडक्यांवर रुंद छज्जे होते. पण रस्त्याच्या सोयीसाठी आमची इमारत फिरवून उभी केली आणि छज्जे होते त्याच भिंतीला राहिले. त्यामुळे आमचे छज्जे शेजारच्या इमारतीच्या सावलीला सावली देतात आणि पश्चिमेची उघडी भिंत दुपारभर ऊन पिते. आम्ही चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची.

नवरा कारखान्यात रात्रपाळीला. झोप दिवसाची आणि बेडरूम तव्यासारखी. गच्चीवर ओली गोणपाटं अंथरून पाहिली. चहा होईपर्यंत ती पापडासारखी कडक झाली. एका सकाळी तो घरी येऊन म्हणाला, "आज मशीनवर डोळा लागला. हात आत जाता जाता राहिला." त्यानंतर मी छज्ज्यांवर विनोद करणं थांबवलं.

तळमजल्यावरच्या ताई किनाऱ्याकडच्या. जिन्यात त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"आमी दोगंबी सकाळीच कामाला जातो, वयनी. घर रिकामंच हाय, नि खाली उनाचा ताप नाय. भाऊंना खाली झोपू दे. घर तर तेच हाय, चुकायचे नाय."

तो चुकला नाही, हीच पंचाईत झाली. बटणं त्याच जागी, मोरी तिथेच, चहा-साखरेची फळीसुद्धा. पहिल्याच संध्याकाळी ताईंनी बेल वाजवली, तर यानं अर्धवट झोपेत दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?"

"कोन नको," ताई म्हणाल्या. "एवढी मासळी आत ठेवते, नि जाते."

पुढे कित्येक दिवस लोक ताईंच्या नवऱ्याला जिन्यात गाठून विचारत, "काय, आज घरात घेतलं का तुमाला?"

पण झोप होऊ लागली. नवऱ्याचे डोळे निवळले, मशीनवर पेंगणं थांबलं.

भर मे महिन्यात घरं किती थंड राहतात हे तपासायला दोन साहेब आले. मी नवऱ्याचं जेवण घेऊन तळमजल्यावर आले होते. म्हटलं, "वर चला, चौथ्या मजल्यावर मोजा. आम्ही तिथले."

"कशाला चढायचं, बाई? नकाशा एकच आहे," मोठे साहेब म्हणाले. त्यांनी ताईंच्या बेडरूममध्ये तापमान घेतलं, घोरणाऱ्या नवऱ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि धाकट्या साहेबांना टिपून घ्यायला सांगितलं, "चौथ्या मजल्यावरचे रहिवासी भर दुपारी गाढ झोपतात."